वाचकांचे प्रश्न : अमेरिकन फुटबॉलच्या नव्या लीग का बुडतात?

या वेळी बऱ्याच वाचकांनी एकाच विषयावर विचारलं आहे. अमेरिकेत नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) जोडीला दुसरी व्यावसायिक लीग का टिकत नाही, हा तो विषय. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

प्रश्न : नव्या लीगला प्रेक्षकच मिळत नाहीत, हेच खरं कारण ना?

नाही. सुरुवातीला प्रेक्षक हमखास मिळतात. फेब्रुवारी २००१ मध्ये एक्सएफएल या नव्या लीगच्या पहिल्या सामन्याला एनबीसी वाहिनीवर ९.५ रेटिंग होतं, म्हणजे टीव्ही असलेल्या घरांपैकी साडेनऊ टक्के घरांत तो पाहिला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलने (एएएफ) पहिल्याच रात्री दुसऱ्या वाहिनीवरच्या एनबीए बास्केटबॉल सामन्याला किंचित मागे टाकलं होतं. पण नव्याचे नऊ दिवस. एक्सएफएलचं रेटिंग दोन महिन्यांच्या आत दीडवर आलं आणि मे महिन्यात लीगला टाळं लागलं. एएएफ तर आठ आठवड्यांतच संपली.

खरी अडचण आहे ती पैसा जातो केव्हा आणि येतो केव्हा याची. समजा, एका संघात ५० खेळाडू आहेत, प्रत्येकाला आठवड्याला ५,००० डॉलर मिळतात आणि हंगाम १० सामन्यांचा आहे. नुसता पगारच २५ लाख डॉलर झाला. दहापैकी घरचे सामने पाच. सामन्यामागे १२,००० तिकिटं सरासरी २५ डॉलरने विकली, तर हातात १५ लाख आले. म्हणजे तिकीटबारीवर खेळाडूंचा पगारही सुटत नाही. प्रशिक्षक, सराव शिबिर, स्टेडियमचं भाडं, विमानप्रवास, हॉटेल आणि दुखापतींचा विमा अजून धरलेलाच नाही. यातला बराच खर्च पहिलं तिकीट विकण्याआधीच करावा लागतो.

हे भगदाड बुजवू शकतो तो फक्त टीव्हीचा पैसा. एनएफएलने २०२१ मध्ये केलेले प्रक्षेपण करार ११ वर्षांचे आणि सुमारे ११,००० कोटी डॉलरचे आहेत, आणि ही रक्कम ३२ संघांत वाटली जाते. नव्या लीगसाठी वाहिनी अनेकदा कॅमेरे, ट्रक आणि समालोचक यांचा खर्च उचलते, हक्कांचे पैसे देत नाही. ते मिळायला तीन-चार हंगाम स्थिर प्रेक्षक दाखवावे लागतात, आणि तेवढा काळ कुणी तरी पदरमोड करत राहावं लागतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

प्रश्न : यूएसएफएल ही लीग डोनाल्ड ट्रम्प यांनी बुडवली, असं नेहमी ऐकायला येतं. कितपत खरं?

अर्धं खरं. उरलेलं अर्धं फारसं सांगितलं जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

यूएसएफएल म्हणजे युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग. तिची मूळ कल्पना डेव्हिड डिक्सन यांची, आणि आमच्या मते आजवरच्या सगळ्या नव्या लीगमधली ती सर्वांत शहाणी योजना होती. वसंतात खेळायचं, म्हणजे एनएफएलशी थेट टक्कर नाही. प्रत्येक संघाचा खेळाडूंवरचा खर्च सुमारे १८ लाख डॉलरच्या आत ठेवायचा. आणि काही वर्षं तोटा सोसायची तयारी असलेलेच मालक घ्यायचे. एबीसी वाहिनीने पहिल्या दोन वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर दिले, ईएसपीएनचे वेगळे. १९८३ मध्ये १२ संघांनिशी पहिला हंगाम बऱ्यापैकी पार पडला.

मर्यादा मात्र त्याआधीच मोडली होती. न्यू जर्सी जनरल्सने कॉलेजचं शिक्षण पुरं व्हायच्या आत कॉलेज फुटबॉलचा तारा हर्शेल वॉकर याला मोठ्या रकमेवर घेतलं. तेव्हा संघाचे मालक ट्रम्प नव्हते. त्यांनी संघ विकत घेतला तो पहिला हंगाम संपल्यावर. एकाने मर्यादा ओलांडली की बाकीच्यांना पर्याय उरत नाही. संघ हरू लागला की तिकिटं खपत नाहीत, म्हणून मग तेही महागडा खेळाडू आणतात. १९८४ मध्ये लॉस एंजलिस एक्स्प्रेसने क्वार्टरबॅक (संघाचा खेळ चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) स्टीव्ह यंगशी केलेला करार ४ कोटी डॉलरचा म्हणून गाजला. त्यातली बहुतेक रक्कम पुढच्या चाळीसहून अधिक वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळायची होती. त्याच वर्षी संघमालकाचं आर्थिक साम्राज्य कोसळलं आणि १९८५ मध्ये तो संघ लीगलाच पोसावा लागला. शेवटच्या सामन्यात धावणारे खेळाडू उरले नाहीत, तेव्हा या 'चार कोटींच्या' क्वार्टरबॅकला रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या जागी उभं राहावं लागलं.

दुसरी चूक विस्ताराची. दुसऱ्याच वर्षी संघ १२ वरून १८ झाले. नव्या मालकांकडून प्रवेशशुल्क येतं आणि जुन्यांचा तोटा त्यात तात्पुरता झाकला जातो. पण टीव्हीचा तोच पैसा आता अठरा ठिकाणी वाटायचा असतो.

ट्रम्प यांचा वाटा इथून सुरू होतो. हंगाम वसंतातून शरदात न्यायचा, एनएफएलला भिडायचं आणि त्यातून विलीनीकरण पदरात पाडून घ्यायचं, असा त्यांचा आग्रह होता. टॅम्पा बे बँडिट्सचे जॉन बॅसेट यांनी कडाडून विरोध केला. ऑगस्ट १९८४ मध्ये मालकांनी १९८६ पासून शरदात खेळायचा ठराव केला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा हा प्रकार. वसंतातल्या प्रक्षेपणासाठी वाहिन्या पुढेही पैसे मोजायला तयार होत्या, तो पैसा गेला. ज्या शहरात एनएफएलचा संघ आहे तिथे शरदात टिकाव लागणार नाही, म्हणून फिलाडेल्फिया स्टार्स हा विजेता संघ बाल्टिमोरच्या नावावर गेला, पहिल्या वर्षीचे विजेते मिशिगन पँथर्स ओकलंडच्या संघात विलीन झाले, आणि पिट्सबर्गचा संघ एका हंगामानंतर बंद पडला. जमवलेले प्रेक्षक असे आपल्याच हाताने घालवले. शरदातला एकही सामना कधी झाला नाही.

प्रश्न : त्या लीगने खटला जिंकूनही तिला तीन डॉलर मिळाले, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली यूएसएफएलने एनएफएलकडून ५६.७ कोटी डॉलर मागितले होते. या कायद्यात नुकसानभरपाई तिप्पट होते, म्हणजे सुमारे १७० कोटी. २९ जुलै १९८६ रोजी ज्यूरीने एनएफएलला मक्तेदारीबद्दल दोषी धरलं, पण टीव्ही करारांबाबतचे आरोप फेटाळले आणि भरपाई ठरवली १ डॉलर. तिप्पट करून ३. अपिलं संपेपर्यंत व्याज चढलं आणि धनादेश निघाला ३ डॉलर ७६ सेंटचा. यूएसएफएलच्या वकिलांची फी मात्र एनएफएलला भरावी लागली, ५० लाखांहून जास्त.

एवढी कमी भरपाई का, तर लीगचं नुकसान मुख्यतः तिच्याच निर्णयांनी झालं हा बचाव पटला. वरचं उत्तर वाचल्यावर ज्यूरीला दोष देणं कठीण आहे.

प्रश्न : प्रेक्षकसंख्येचे आकडे फुगवले जातात का? खरं-खोटं बाहेरून कसं ओळखायचं?

जाहीर झालेली उपस्थिती आणि विकलेली तिकिटं या दोन वेगळ्या गोष्टी. वर्ल्ड फुटबॉल लीगमध्ये (१९७४-७५) फिलाडेल्फिया बेल संघाने घरच्या पहिल्या दोन सामन्यांना ५५,५३४ आणि ६४,७१९ प्रेक्षक जाहीर केले. पुढे शहराचा करमणूक कर भरायची वेळ आली आणि बिंग फुटलं, कारण कर विकलेल्या तिकिटांवरच लागतो. खरी विक्री अनुक्रमे १३,८५५ आणि ६,२०० होती. बाकीची तिकिटं फुकट वाटलेली. फुकट तिकिटाचा तोटा एका सामन्यापुरता नसतो. एकदा फुकट मिळालं की पुढच्या वेळी पैसे मोजून कुणी येत नाही.

बाहेरून पाहायच्या खुणा सांगायच्या तर हंगाम चालू असताना संघाने शहर बदलणं ही सर्वांत वाईट. पगार लांबणं, मोठं स्टेडियम सोडून कॉलेजच्या मैदानावर जाणं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच 'नवा मोठा गुंतवणूकदार आला' अशी घोषणा होणं, याही तशाच. वर्ल्ड फुटबॉल लीगमध्ये तर ५ डिसेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमचा संघ अंतिम सामना २२-२१ असा जिंकला आणि थकलेल्या देण्यापोटी शेरीफच्या माणसांनी त्याचे गणवेश जप्त केले. याच लीगने एनएफएलमधल्या मायामी डॉल्फिन्सच्या झोंका, किक आणि वॉरफिल्ड या तिघांना सुमारे ३५ लाख डॉलरचा करार दिला होता. पुढच्या वर्षी खेळाडूंना उत्पन्नाच्या टक्केवारीत पगार द्यायची शहाणी पद्धत आणली, पण टक्केवारी काढायला उत्पन्नच नव्हतं. २२ ऑक्टोबर १९७५ ला हंगाम अर्ध्यावर टाकून लीग बंद झाली.

प्रश्न : मी क्रीडा व्यवस्थापन शिकते. सगळे संघ लीगच्याच मालकीचे ठेवले, तर यूएसएफएलसारखी चढाओढ टळेल ना?

टळते. एएएफने तेच केलं. आठही संघ लीगचे, सर्व खेळाडूंना सारखाच तीन वर्षांचा अडीच लाख डॉलरचा, हमी नसलेला करार. पगारवाढीची शर्यत उरली नाही. पण वेगवेगळे मालक असले की एक बुडाला तरी बाकीचे तग धरतात. इथे एकच खिसा, आणि तो आटला की आठही संघ एकाच दिवशी थांबतात.

पहिल्या दोन आठवड्यांतच रोकड संपत आली. टॉम डंडन या गुंतवणूकदाराने २५ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. पण 'देऊ' म्हणणं आणि खात्यात जमा होणं यात फरक आहे. दर आठवड्याला लागेल तसा पैसा येत होता. सुमारे ७ कोटी खर्च झाल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. एनएफएल संघांचे राखीव खेळाडू आपल्याला मिळावेत ही त्यांची मागणी एनएफएलच्या खेळाडू संघटनेकडून मान्य झाली नव्हती. साखळी सामन्यांचे दोन आठवडे उरले असताना, २ एप्रिल २०१९ ला काम थांबलं. काही खेळाडूंना घरी जायचं तिकीट स्वतः काढावं लागलं. दिवाळखोरीच्या अर्जात देणी ४.८४ कोटींची आणि मालमत्ता १.१४ कोटींची होती.

विम्याचा मुद्दा अभ्यासक्रमात कदाचित नसेल, तो टिपून ठेवा. कामगार नुकसानभरपाईच्या फ्लोरिडातल्या कायद्यात व्यावसायिक खेळाडू येत नाहीत. त्यामुळे एएएफच्या ऑर्लँडो अपोलोज या संघाला हंगामात बराचसा सराव राज्याची हद्द ओलांडून जॉर्जियात करावा लागला. खेळ जितका धडकाधडकीचा, तितका हा खर्च मोठा, आणि अंदाजपत्रकात सर्वांत आधी विसरला जातो तोही हाच.

प्रश्न : मग १९६० ची अमेरिकन फुटबॉल लीग कशी जगली?

तिच्या मूळच्या आठही संघांपैकी एकही बुडाला नाही. सगळे आज एनएफएलमध्ये आहेत. लमार हंट यांनी १९५९ मध्ये ती उभारली, तेव्हा एनएफएलचे फक्त १२ संघ होते. डेन्व्हर, बफेलो, ह्यूस्टन अशी शहरं रिकामी होती. आज तसं मोठं शहर शोधावं लागतं. दुसरं म्हणजे पहिल्या दिवसापासून एबीसीचा पैसा सर्व संघांत सारखा वाटला. मालक एकमेकांना सांभाळतही होते. बफेलोच्या राल्फ विल्सन यांनी अडचणीतल्या ओकलंड रेडर्सला ४ लाख डॉलर उसने दिले होते. मग एनबीसीचा पाच वर्षांचा ३ कोटी ६० लाखांचा करार झाला आणि त्या बळावर न्यू यॉर्क जेट्सने १९६५ मध्ये क्वार्टरबॅक जो नेमथला ४ लाख २७ हजार डॉलर देऊन घेतलं. क्रम लक्षात घ्या : आधी टीव्हीचा करार, मग महागडा खेळाडू. वर्ल्ड लीगने आणि यूएसएफएलने टीव्हीचा पैसा पुरेसा व्हायच्या आतच महागडे खेळाडू घेतले. ८ जून १९६६ ला एनएफएलशी विलीनीकरण जाहीर झालं.

प्रश्न : नव्या लीग वसंतातच का खेळतात?

शरदात शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा आणि रविवार एनएफएलचा. वर्ल्ड लीगने म्हणून बुधवार-गुरुवार धरले होते. वसंतात वार मोकळे असतात, पण नुकतंच सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना पाहून झालेला प्रेक्षक थकलेला असतो.

प्रश्न : सध्याची यूएफएल टिकेल का?

२०२३ च्या अखेरीस, जुन्या नावांनी पुन्हा सुरू झालेल्या एक्सएफएल आणि यूएसएफएल या दोन लीग एकत्र येऊन ती (युनायटेड फुटबॉल लीग) झाली. पहिली दोन वर्षं आठही संघांचा सराव टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला व्हायचा आणि संघ विमानाने सामन्यापुरते आपापल्या शहरात जायचे. खर्च आठपट न होण्याची ही चांगली युक्ती, पण शहराला तो संघ आपला वाटत नाही. फॉक्स वाहिनी स्वतः भागीदार आहे, त्यामुळे प्रक्षेपणाची खात्री आहे. मैदानं भरली नाहीत तरी चालेल इतका टीव्हीचा आधार मिळाला तर टिकेल. भागीदारांपैकी एखाद्याला दरवर्षीचा तोटा नकोसा झाला, तर एएएफचंच पान पुन्हा उघडेल. खेळाडूंची टंचाई होणार नाही. २०२४ मध्ये इथे आठवड्याला ५,५०० डॉलर मिळत होते, आणि एनएफएलमध्ये नवख्याचा किमान वार्षिक पगार ७ लाख ९५ हजार होता. ते दार ठोठावायला माणसं कमी पगारावरही येतात. डॅलस काउबॉइजचा किकर ब्रँडन ऑब्री असाच नव्या यूएसएफएलच्या बर्मिंगहॅम संघातून तिकडे गेला.

प्रश्न : बुडालेल्या लीगचं काही मागे उरतं का?

नियम उरतात. टचडाउननंतर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत नेऊन गुण मिळवल्यावर) दोन गुणांचा प्रयत्न १९६० च्या लीगमध्ये होता, एनएफएलने तो १९९४ मध्ये घेतला. २००१ च्या एक्सएफएलने नाणेफेकीऐवजी दोन खेळाडूंना चेंडूसाठी धावायला लावलं. पहिल्याच आठवड्यात एकाचा खांदा निखळला, तो नियम कुणी उचलला नाही. उलट २०२० मध्ये पुन्हा सुरू झालेल्या एक्सएफएलची किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) पद्धत, ज्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू जवळजवळ उभे राहतात आणि चेंडू हातात येईपर्यंत हलत नाहीत, ती थोडी बदलून एनएफएलने २०२४ पासून लागू केली. ती लीग स्वतः २०२० मध्ये पाच आठवडेच चालली होती.