बडोद्यात केमिकल कारखान्यांजवळ फ्लॅट घ्यावा का? रात्री वास येतो, बोअरचं पाणी पिवळट आहे

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन आलात, छाणीच्या पुढे रणोलीकडे भाड्याने राहताय, तोच फ्लॅट विकत घ्यायचा विचार आहे, पण थंडीत रात्री अकरानंतर वास येतो, बोअरचं पाणी बादलीत पिवळट दिसतं आणि घरात लहान मुलगी आहे. शेजारी म्हणतात सवय होईल.

मी नंदेसरीच्या कारखान्यांमध्ये बरीच वर्षं सेफ्टी आणि ईटीपी (म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बघितलंय, राहायला दांडिया बाजारात, त्यामुळे हा भाग पायाखालचा आहे. पहिलं सांगतो ते हे की नाकावर भरवसा ठेवू नका, ना घाबरण्यासाठी ना निर्धास्त राहण्यासाठी. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे बहुतेक हायड्रोजन सल्फाइड, तो इतक्या कमी प्रमाणात कळतो की पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) शंभराव्या भागालाही नाक वाकडं होतं. तोच 100 पीपीएमच्या आसपास गेला की वास येणं बंद होतं, कारण नाकाची नसच बधिर होते, आणि माणसाला वाटतं चला गेला वास. मर्कॅप्टन या गंधकाच्या केमिकलचा वास भयंकर, पण त्या कणभर प्रमाणात इजा फारशी नाही (घरच्या गॅसच्या सिलेंडरमध्ये तो मुद्दाम घालतात). कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. पाण्यातल्या क्रोमियमला तर नाहीच. तेव्हा सवय होईल हे खरंय, पण त्या सवयीनं धोका कमी होत नाही, फक्त कळायचा बंद होतो.

थंडीतच का येतो ते सांगतो. आपल्याकडे हिवाळ्यात वारा साधारण उत्तरेच्या बाजूचा असतो आणि नंदेसरी तुमच्या उत्तर-वायव्येला आहे, शिवाय रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते, चिमणीतलं आणि ईटीपीच्या टाक्यांवरचं सगळं वर न जाता आडवं पसरतं. पावसाळ्यात वारा फिरतो आणि तुमच्याकडे वास जवळजवळ नसतो, म्हणून घर जूनमध्ये बघणाऱ्याला काही कळतच नाही. गच्चीवरून कोयलीच्या रिफायनरीची फ्लेअर (जादा गॅस जाळायची उंच चिमणी) दिसत असेल तर तिची ज्योत कुठे झुकलीय ते बघा, फुकटचा वारामापक आहे तो. एक साधी वही करा, तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसा, किती वेळ टिकला, डोळे चुरचुरले का. जीपीसीबीकडे, म्हणजे गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, नुसतं "वास येतो" म्हणून तक्रार केली तर माणूस दुपारी येतो, त्याला काही मिळत नाही आणि फाइल बंद होते. तारीखवार नोंद असली, त्यात सोसायटीतल्या चारपाच घरांच्या सह्या असल्या, तर रात्रीची तपासणी मागता येते आणि ती मागायचीच.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. लोक चिमणीकडे बघतात, पण बडोद्याच्या या पट्ट्यात मला जास्त भीती कचऱ्याची वाटते, म्हणजे ईटीपीचा स्लज (गाळ), स्पेंट म्हणजे वापरून झालेलं ऍसिड, डिस्टिलेशनच्या तळाचा डांबरासारखा गाळ. याची विल्हेवाट नीट लावायला पैसे लागतात आणि नीट न लावली तर ते पैसे वाचतात, सगळं गणित एवढंच. 2016 च्या नियमाप्रमाणे घातक कचरा कारखान्यात साधारण 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, बाहेर जाताना टँकरबरोबर मेनिफेस्ट म्हणजे नोंदीचा कागद लागतो, कुठून निघाला, कुठे पोचला, किती वजन. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, मी ड्रम मोजायला मागच्या आवारात गेलो तर शेड भरून ड्रम बाहेर उघड्यावर लावलेले, खालच्या रांगेतले गंजून फुगलेले, लेबलं उन्हानं पांढरी झालेली, आणि पहिल्या पावसात त्यातून तपकिरी ओघळ थेट पावसाळी पाण्याच्या गटारात. ते गटार ईटीपीला जात नाही, नाल्याला जातं. असं एकच आवार आजूबाजूच्या बोअरना वर्षानुवर्षं पुरतं.

आणि हे फक्त पाण्याचं नाही. 2022 च्या जानेवारीत सुरतच्या सचिन जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) एक टँकर पहाटे नाल्यात केमिकल सोडत होता, त्यातून गॅस झाला आणि जवळच्या मिलमधले 6 कामगार गेले. तुमच्या रस्त्यावर रात्री नाल्यापाशी उभा टँकर दिसला, पाइप खाली सोडलेला, तर जवळ जाऊन विचारायचं नाही, हात जोडून सांगतो. लांबून फोटो, नंबर, वेळ, आणि 112. सकाळी नाल्याच्या काठावर गवत पट्ट्यासारखं जळालेलं आणि दगडांवर पिवळी-लाल कड दिसली की समजायचं रात्री काय झालं.

सगळेच असं करतात असं नाही हां. आपल्याकडे 1983 पासून धनोऱ्याहून सारोदपर्यंत 56 किलोमीटरची एफ्लुएंट चॅनल, म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा कालवा आहे, पूर्वी हे पाणी मिनी नदीतून महीत जायचं आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच वेल नावाच्या विहिरींमधून तर आपलं शहर पाणी पितं. चॅनल झाली म्हणून शहर वाचलं, पण ती ज्या पादरा-जंबुसरच्या गावांतून जाते तिथल्या शेतकऱ्यांना विचाराल तर वेगळं ऐकाल आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. बडोद्याच्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सांगितलं की ज्याचा ईटीपी चालत नाही त्याला कारखाना चालवू द्यायचा नाही. ईटीपी असणं वेगळं, चालणं वेगळं, म्हणून चालणं हा शब्द महत्त्वाचा.

तुम्ही स्वतः काय बघू शकता तर गेटचा बोर्ड. सुप्रीम कोर्टाच्या 2003 च्या आदेशानं घातक केमिकलवाल्या प्रत्येक कारखान्याला मेन गेटबाहेर बोर्ड लावावा लागतो, आत कुठली केमिकल्स किती आहेत, पाण्याचे, हवेचे आकडे काय, घातक कचरा किती पडलाय. रविवारी स्कूटर घेऊन घराभोवतीच्या गेटांवरून एक चक्कर मारा आणि बोर्डाचे फोटो काढा. महिन्याने परत काढा. आकडे आणि तारीख बदलली असेल तर आत कोणीतरी रोज बघतंय, आणि महिन्यापूर्वीचीच तारीख, तेच आकडे, वर बोर्डाला टेकून सायकली लावलेल्या असतील तर आतला कारभारही साधारण तसाच असतो, माझा तरी अनुभव हाच आहे. कारखान्याचं परवानगीपत्र, सीसीए म्हणतात, आणि तपासणीचे रिपोर्ट आरटीआयमध्ये 20 रुपयांच्या अर्जावर मागता येतात.

पाण्याचं आजच करा. उकळून क्रोमियम जात नाही, क्षार तर उलट घट्ट होतात. पिवळेपणा नुसत्या लोखंडाचाही असू शकतो, बादलीत रात्रभर ठेवून तळाला लालसर गाळ बसला तर बहुधा लोखंड, पाणी नितळ पण पिवळंच राहिलं तर जास्त काळजीचं, पण हे घरगुती झालं, निर्णय लॅबचा. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये द्या, बाटली त्यांच्याकडूनच घ्या कारण धातूसाठीच्या बाटलीत ते ऍसिड घालतात. सांगायचं: पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, नायट्रेट, एकूण क्रोमियम, शिसं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, नायट्रेटची 45 मिलिग्रॅम, टीडीएसची 500 आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. रिपोर्ट येईपर्यंत मुलीला बोअरचं पाणी पाजू नका, स्वयंपाकालाही नको, महानगरपालिकेची लाइन किंवा जार काहीही चालेल. आरओ आहे म्हणून निश्चिंत राहू नका, आतली मेंब्रेन (गाळणीचा पडदा) जुनी झाली की तीही हे सगळं पाण्यात जाऊ देते.

अपघाताचं थोडक्यात. 2022 च्या जूनमध्ये नंदेसरीत मोठी आग लागली तेव्हा जवळच्या वस्त्यांतून शेकडो माणसं हलवली, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कोयलीत बेंझिनची टाकी पेटून दोन कामगार गेले. अशा वेळी वाऱ्याच्या पुढे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, तो खाली साठतो, म्हणून बेसमेंटमध्ये तर अजिबात नाही, वरच्या मजल्यावर. बाहेर पडता येत नसेल तर खिडक्या बंद, एसी-एक्झॉस्ट बंद, दाराखाली ओला टॉवेल. जिल्ह्याचा ऑफसाइट प्लॅन, म्हणजे अपघात कारखान्याबाहेर पसरला तर काय करायचं त्याचा आराखडा, कलेक्टरकडे असतो, भोपाळनंतर कायद्यानेच करावा लागतो, सोसायटीच्या लेटरहेडवर एकदा विचारा की आमच्या भागासाठी जमायची जागा कुठली. आमच्या माहितीतल्या एका सोसायटीनं विचारलं आणि नंतर मॉक ड्रिलला त्यांना बोलावलं गेलं.

फ्लॅटचं म्हणाल तर आत्ता टोकन देऊ नका. ही थंडी भाड्यानेच काढा, वही भरा, पाण्याचा रिपोर्ट येऊ द्या. क्रोमियम मर्यादेच्या वर आलं तर तो फ्लॅट घेऊ नका, बिल्डर कितीही कमी करो. नुसतं टीडीएस-क्लोराइड जास्त असेल आणि पालिकेची लाइन मिळत असेल तर विचार करण्यासारखं आहे. रिपोर्ट आला की आकडे इथे खाली टाका, मी बघून सांगतो.