बेने इस्रायली मलिदा घरी कसा करायचा, आणि तो खरंच ज्यू आहे का?

तुम्ही इस्रायलमधल्या अश्दोदहून विचारलंय की आपल्या बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा मलिदा (प्रार्थनेसोबत मांडायचं गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट) आजी करायची तसा पुन्हा सुरू करायचाय, पण सासरची मोरोक्कन मंडळी म्हणतात ही ज्यू रीतच नाही.

आधी कृती. अर्धा किलो जाडे पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या. पाण्यात बुडवून ठेवलेत की लगदा झालाच. एका मोठ्या नारळाचा चव, 200 ग्रॅम साखर, चमचाभर वेलचीपूड, किंचित जायफळ, बेदाणे, बदामाचे काप. तिकडे ओला नारळ मिळाला नाही तर सुक्या खोबऱ्याचा कीस थोड्या कोमट पाण्यात भिजवून घ्या. साखरेला पाणी सुटतं, म्हणून ती मांडायच्या वेळीच कालवा. मुसलमानी मलिदा पोळी आणि तुपाचा असतो. आपल्यात तूप अजिबात नको, कारण त्याच बैठकीत पुढे मटणाचं जेवण असेल तर दूध-मांस एकत्र येईल, आणि ते ज्यू आहारनियमात चालत नाही.

ताटात पोह्यांचा ढीग, भोवती पाच प्रकारची फळं, वर गुलाब. वास घ्यायला सब्जाची डहाळीही चालते. चूक होते ती केळ्यावर. झाडाच्या फळाची ब्राखा (खाण्याआधीची आशीर्वादाची प्रार्थना) केळ्यावर म्हणत नाहीत, कारण केळीचं खोड दरवर्षी टिकत नाही. त्यावर जमिनीच्या पिकाची ब्राखा. झाडाच्या फळासाठी खजूर किंवा सफरचंद हवंच.

आता सासरच्यांचं. मलिदा एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने होतो. अलिबागजवळच्या खंडाळा गावात खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, आणि तू बिश्वात या झाडांच्या सणाला आपल्याकडे ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ म्हणतात. उरूस हा शब्द अरबीतला, त्याचा मूळ अर्थ लग्न. मोरोक्कन घरांत साधूंची हिलुला, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव करतात ना? त्या अरामी शब्दाचाही अर्थ लग्नसोहळाच! मग एकाच भावनेतल्या दोन ताटांपैकी एक ज्यू आणि दुसरं परकं कसं?

साठच्या दशकात इस्रायलच्या रब्बीनेटने (ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेने) बेने इस्रायलांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी लावली होती. लोक धरण्याला बसले, तेव्हा 1964 मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) त्यांना पूर्ण ज्यू मानलं. हे घरात जरूर सांगा. मलिदा पोह्यांचा आहे म्हणून कमअस्सल ठरत नाही, त्याच पोह्यांवर हिब्रू ब्राखा पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेल्यात.

पहिल्या वेळी सासूबाईंना ‘एलियाहू हनावी’ हे त्याच प्रेषिताचं गाणं म्हणायला बसवा. शब्द त्यांना पाठ असतील, चाल तेवढी आजीची ठेवा.