नवी डिस्क बसवली, तरी नॅस दुरुस्त होईना

प्रश्न : आमच्या घरी दोन खणांचे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेले साठवणीचे यंत्र, आहे. त्यात प्रत्येकी ४ टीबीच्या दोन डिस्क ‘रेड १’ पद्धतीने, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर राहील अशा रीतीने लावलेल्या आहेत. दुसऱ्या खणातील डिस्क निकामी झाल्याची सूचना आली, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क आणून बसवली आणि ‘रिपेअर’ दोनदा सुरू केले. दोन्ही वेळा ६३ टक्क्यांवर काम थांबले आणि ‘डिग्रेडेड’ (जोडी अपुरी) हा शेरा कायम राहिला. दुकानदार नवी डिस्क बदलून देतो म्हणतो, निकामी डिस्कही मोडीत घ्यायला तयार आहे. वडिलांच्या गाण्याच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे आणि घरचे सगळे फोटो यावरच आहेत. डिस्क बदलून घ्यावी का? आणि बदलायचीच असेल, तर ८ टीबीची घ्यावी का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तिसऱ्यांदा ‘रिपेअर’ करू नका आणि निकामी डिस्क कोणालाही देऊ नका. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो ६३ टक्क्यांचा आकडा. नव्या डिस्कची क्षमता थोडीशी जरी कमी भरली असती, तरी नॅसने तिला सुरुवातीलाच नाकारले असते. काम सुरू होऊन दोन्ही वेळा एकाच जागी अडते, याचा अर्थ संशय नव्या डिस्कपेक्षा पहिल्या खणातल्या जुन्या डिस्कवर अधिक घ्यावा लागतो. मिरर, म्हणजे सारख्या मजकुराची ही जोडी, पुन्हा उभारताना नॅस त्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे मजकूर साठवण्याचा लहानसा कप्पा, आरंभापासून शेवटपर्यंत वाचते. एरवी वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या फोटोंच्या जागेत एखादा सेक्टर खराब झालेला असला, तरी त्याचा पत्ता लागत नाही. तो लागतो नेमका अशा वेळी, जेव्हा दुसरी प्रत हाताशी नसते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतील, तर त्यांचे वयही सारखेच असणार.

खात्री करण्यासाठी नॅसच्या स्टोरेज विभागात जाऊन दोन्ही डिस्कचे ‘स्मार्ट’ आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहा. पहिल्या डिस्कच्या १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचता न आलेले सेक्टर) यासमोर, शून्याखेरीज काही दिसले, तर दुखणे तिथेच आहे असे समजावे, ५ आणि १९८ या ओळींतील आकडे त्याला दुजोरा देतील. याउलट जुनी डिस्क स्वच्छ असून नव्या डिस्कच्या १९९ व्या ओळीतील ‘सीआरसी एरर’, म्हणजे डिस्क आणि नॅस यांच्यातील देवाणघेवाणीत होणाऱ्या चुका, वाढत असतील, तर खणातील जोडणी सैल किंवा मळलेली असण्याची शक्यता अधिक. मात्र हे आकडे नुसते वाचायचे आहेत. जुन्या डिस्कवर ‘एक्स्टेंडेड टेस्ट’ आत्ताच लावू नये, कारण तीही पूर्ण डिस्क वाचते आणि थकलेल्या डिस्कला तो भार नकोच.

त्याआधीचे काम म्हणजे मजकूर बाहेर काढणे. नॅस चालू आहे तोवर ते उगाच बंद-चालू करू नका. कमकुवत डिस्क बंद झाल्यावर पुन्हा फिरेलच याची शाश्वती नसते. फोनमधील फोटो आपोआप नॅसवर जात असतील, तर ते थांबवा, म्हणजे नवे लेखन होणार नाही. मग बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आधी ध्वनिमुद्रणे, नंतर फोटो, आणि पुन्हा डाउनलोड करता येण्याजोगे चित्रपट अगदी शेवटी, अशा क्रमाने प्रती घ्या. एखादी फाइल अडली, तर तिचे नाव टिपून पुढे जा. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर मात्र सगळे थांबवून डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्यांकडेच जावे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारे अजूनही भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

अडलेल्या फाइलींसाठी ती निकामी डिस्क उपयोगी पडते. दोन डिस्कचे खराब सेक्टर सहसा एकाच जागी नसतात, त्यामुळे एकीवर न वाचता येणारा भाग दुसरीवर शाबूत असू शकतो. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम वाचता येईल तेवढे दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि राहिलेल्या जागांची नोंद ठेवतो. जाणकार मदतीला असेल, तरच हा मार्ग धरावा, कारण यात मूळ डिस्क आणि प्रतीची डिस्क यांची अदलाबदल झाली, तर असलेला मजकूरही पुसला जातो.

प्रती उघडून तपासल्यानंतर नवी डिस्क संगणकाला जोडून, उत्पादकाच्या प्रोग्रामने तिची पूर्ण चाचणी घ्या. ४ टीबीला साधारण ७-८ तास लागतात. तिच्या नवव्या ओळीतील ‘पॉवर ऑन अवर्स’ (डिस्क किती तास चालली) हेही पाहा. हजारो तास चाललेली डिस्क नवी म्हणून विकली गेली असेल, तर ते तिथे उघड होऊ शकते, मात्र हा आकडा पुसूनही डिस्क विकल्या जातात. मॉडेल क्रमांकावरून ती ‘एसएमआर’ प्रकारची, म्हणजे मजकुराच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणारी, नाही, हेही पाहून घ्या. सलग लेखनात अशा डिस्क फार मंदावतात. नॅससाठी विकलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात याच प्रकारच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते.

चाचणीत ती उतरली, तर बदलून घेण्याचे कारण नाही. बदलायची आहे ती पहिल्या खणातली जुनी डिस्क. जुना मिरर दुरुस्त करीत बसण्यापेक्षा दोन चांगल्या डिस्कवर तो नव्याने उभारून मजकूर परत घालणे मला अधिक सुरक्षित वाटते. एकच डिस्क ८ टीबीची घेतलीत, तर मिररमध्ये लहान डिस्कएवढीच, म्हणजे ४ टीबी जागा मिळेल. म्हणून घ्यायच्या तर दोन्ही घ्या. जुन्या डिस्क मोडीत देण्यापूर्वी पुसून घ्या, कारण निकामी ठरलेल्या डिस्कवरील फोटोही बऱ्याचदा वाचता येतात.