डब्यातला बांगडा परत आला त्या दिवसापासून

खानापूरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा दहावीत. सातवीपर्यंत बांगड्याचा काटा चोखून ठेवणारा, पण गेलं वर्षभर मासा दिसला की ताटावरून उठतो. क्लासबाहेरच्या गाड्यावर एग राईस मात्र खातो. सासूबाई मालवणच्या, त्या म्हणतात, 'नाटकं आहेत, उपाशी ठेव.' मावशी, काय करू?

अगं, उपाशी बिलकुल ठेवू नकोस. तुझ्या पत्रातल्या दोन ओळींवर मी थांबले. मागच्या वर्षी डब्यात दिलेला तळलेला बांगडा तसाच परत आला. आणि आता घरात मासे असले की तो तीनदा साबणाने हात धुतो, क्लासला निघताना बोटं हुंगतो. जिभेची चव नाही गेली त्याची. बहुतेक वर्गात कुणीतरी नाक दाबलंय. मी सातवीत असताना असाच डबा घेऊन व्हरांड्यात एकटी बसले आहे, अजून आठवतं. या वयात घरच्यांपेक्षा बाकावरच्या मित्राचं तोंड जास्त दिसतं गं.

त्याला एकट्याला गाठून विचार, सासूबाईंसमोर नको. डब्यात मासा देऊ नकोस. क्लास नसेल त्या रविवारी दुपारी कर आणि जेवल्यावर बोटांना लिंबाची फोड चोळायला दे. आंबटानं माशाचा वास मरतो, म्हणून तर आपण सोलं घालतो.

मासा घ्यायला त्यालाच बरोबर ने. समुद्राचा मासा आपल्याकडे घाट चढून येतो, शिळा झाला की वास सुटणारच. कल्ला उचलून आत लाल आहे का, डोळा चकचकीत आहे का, हे त्याला बघू दे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या बंदीमुळे ट्रॉलर, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटी, बंद असतात, तेव्हा हट्ट करू नकोस. धरणातल्या रोहू-कटल्यात बारीक काटे फार, त्यानं पोरं आणखी वैतागतात. बांगड्याचा मधला काटा एका ओढीत निघतो.

एग राईसवरून बोलू नकोस. अंड्यातून प्रथिनं मिळतात. बांगडा-तारलीतलं ओमेगा-३, म्हणजे माशातली चांगली चरबी, तेवढं मिळत नाही, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा मासा पोटात जावा असं मलाही वाटतं. पण 'मासे खा, डोकं चालेल' हे दहावीच्या पोराला ऐकवू नकोस, आधीच त्याच्या डोक्यावर परीक्षा आहे.

त्याचे बाबा कधी जेवतात, ते तू लिहिलं नाहीस. रविवारी दोघांना शेजारी बसव. तो काय बोलला ते मला कळव, मी वाट बघते.