मणक्याच्या टीबीचा रोगभार आणि रुग्णांचं जीवनमान एकाच प्रबंधात कसं मोजायचं?

तुम्हाला प्रबंधात मणक्याच्या टीबीचा रोगभार आणि रुग्णांचं जीवनमान दोन्ही मोजायचं आहे आणि प्रश्नावली कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. प्रश्नावली नंतर. आधी ही दोन कामं वेगळी करा.

रोगभारासाठी छेद लागतो, म्हणजे किती लोकसंख्येतून हे रुग्ण आले ते ठाऊक हवं. मोठ्या रुग्णालयात पाय लुळे पडलेले, शस्त्रक्रियेला आलेले रुग्ण जास्त दिसतात. नुसत्या गोळ्यांवर बरे होणारे तिथवर येतच नाहीत. त्यामुळे एका रुग्णालयाच्या नोंदींवरून सगळ्या भागाचा आकडा काढू नका. टीबीच्या नोंदवहीत पुष्कळदा नुसतं ‘फुप्फुसाबाहेरचा’ एवढंच लिहिलेलं असतं. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीत, ए१८.० खाली गुडघा, खुबा सगळंच येतं; मणक्यासाठी जोडीला एम४९.० लागतो आणि तो लिहायचा राहून जातो. म्हणून एमआरआय, बायोप्सी आणि शस्त्रक्रियेच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहा आणि तोच रुग्ण दोनदा मोजला जात नाही ना ते तपासा. निदान जंतू सापडून झालं, ऊतीच्या तपासणीवरून झालं की फक्त लक्षणं आणि एमआरआयवरून, हे तीन रकान्यांत वेगळं ठेवा. या आजारात जंतू थोडे असतात, कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही.

आता जीवनमान. ईक्यू-५डी-५एल ही जीवनमानाची सर्वसाधारण प्रश्नावली छोटी आहे, आणि तिच्यावरून गुणवत्तेनुसार जीवनवर्षं (आयुष्याची वर्षं, तब्येतीच्या दर्जानुसार तोललेली) काढता येतात. जोडीला दुखण्यामुळे रोजची कामं किती अडतात ते मोजणाऱ्या प्रश्नावल्या, कंबर-पाठीसाठी ओस्वेस्ट्री, मान असेल तर नेक डिसॅबिलिटी इंडेक्स, आणि मज्जातंतूंना किती इजा झाली त्यासाठी एशिया (ASIA) श्रेणी, ए (सर्वांत गंभीर) ते ई (सामान्य). ‘ई’ म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. वेदना, कुबड, पुन्हा कामावर जाता न येणं त्या श्रेणीत दिसत नाही.

ओस्वेस्ट्रीत दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. लैंगिक जीवनाचा प्रश्न बरेच जण कोरा सोडतात. तेव्हा छेद ५० (दहा प्रश्न, प्रत्येकी जास्तीत जास्त ५ गुण) नाही, ४५ घ्यायचा: १८ गुण असतील तर ४० टक्के, ५० ने भागलंत तर ३६ येतील आणि रुग्ण आहे त्याहून बरा दिसेल. दुसरा घोळ डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेल्या रुग्णाचा. ‘चालत नाही’ आणि ‘चालता येत नाही’ यातला फरक विचारून समासात लिहून ठेवा. आणि कृपा करून मुलाखत एकांतात घ्या. नातेवाईक शेजारी बसले की उत्तरं तेच देतात.

पहिली मोजणी औषधं सुरू होण्याआधी, मग २, ६, १२ आणि जमल्यास २४ महिन्यांनी. मुलांमध्ये टीबी बरा झाल्यावरही वाढीच्या वयात कुबड वाढू शकतं, म्हणून औषधं संपली की पाठपुरावा थांबवू नका. दर भेटीला एक्स-रेवर कॉब कोन, म्हणजे मणक्याच्या बाकाचा कोन, मोजा.

मृत्यू झालेल्यांना विश्लेषणातून वगळू नका, ईक्यू-५डीत त्यांचं मूल्य शून्य धरतात. ते गाळले तर सरासरी उगाच सुधारलेली दिसते. गळती (मध्येच पाठपुराव्यातून सुटणारे रुग्ण) २० टक्के धरली आणि शेवटी ८० रुग्ण हवेत तर ८० भागिले ०.८, म्हणजे १०० घ्या. ८० वर २० टक्के चढवून येणारे ९६ पुरत नाहीत. प्रत्येकाकडून दोन फोन नंबर घ्या, एक घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी.