बाईंच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही म्हणून पोटात दुखतंय

"मॅडम, बाई हल्ली उत्तरं लिहूनच देत नाहीत, नुसतं 'तुम्हाला काय वाटतं?' विचारतात, मग पोर परीक्षेत लिहिणार काय?" ही काळजी घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात. पण मालवणजवळच्या गावातली ही आई आली तेव्हा तिचा चौथीतला मुलगा परिसर अभ्यासाचा तास असला की पोटात दुखतंय म्हणून घरीच राहायला लागला होता, डॉक्टरांनी तपासलं तर काहीच नाही. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

पाठांतर एकदम पक्कं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम कधी सुरू झालं? १६६४. कुठल्या बेटावर? कुरटे. पण बाईंनी विचारलं, "एवढी जमीन असताना महाराजांनी किल्ला समुद्रात का बांधला असेल?" आणि हा नुसता उभा राहिला.

मी पहिल्या भेटीत किल्ल्याचं नावच काढलं नाही. आजोबांची होडी आहे हे कळलं होतं म्हणून विचारलं, जूनमध्ये होड्या वर का ओढतात रे? "बंदी असते." बरं, बंदी का असते? आणि मी गप्प बसले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंना १९७० च्या दशकात दिसलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात. मी त्याहून बरंच जास्त थांबले. मग हळूच आलं, "दर्यो खवळता, आणि मासे अंडी घालतत."

आई लगेच, "अरे, नीट बोल!"

तिथे मला गाठ सापडली. पाठ केलेलं उत्तर पुस्तकी भाषेत तयार मिळतं, स्वतःचं उत्तर मात्र घरच्या मालवणीत येतं, आणि वर्गात एकदा हा 'का'ऐवजी "कित्याक" म्हणाला तर पोरं हसली होती. म्हणजे प्रश्न अवघड नव्हता, तोंड उघडायची भीती होती.

मग विचारलं, किल्ल्याभोवती सगळं खारं पाणी, आतली माणसं प्यायची काय? किल्ला त्याने पाहिलेला, दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही तिथल्या विहिरींची नावं पाठच. "थय बावी आसत ना, गोडा पाणी! म्हणजे आतल्यांका पाणी गावता आणि भायरचो दुश्मन तानेन मरतलो!" आई बघतच राहिली.

बाईंना भेटले, खूप मनापासून शिकवणाऱ्या आहेत. ठरवलं की आधी शेजारच्याला मालवणीत सांगायचं, मग वर्गाला. आणि 'का बांधला' हा डोंगराएवढा प्रश्न शेवटी, आधी तटावरून काय दिसतं, शत्रूची जहाजं कुठून येतील असे छोटे. आईचंही एक म्हणणं मला पटतं, १६६४ आणि जंजिऱ्याचा सिद्दी माहीतच नसेल तर 'तुला काय वाटतं' म्हणजे हवेत गोळीबार, त्यामुळे पाठांतर अजिबात सोडू नका म्हटलं. फक्त मूल स्वतःचं काही सांगत असताना भाषा सुधारू नका, वाक्य पुरं होऊ द्या.

पोट नंतरही दोनदा दुखलं. परवा आईचा फोन, आता आजोबांच्या मागे लागलाय की एवढे दगड होडीतून नेले तर होडी बुडली कशी नाय, आणि आजोबा दोन दिवस विचार करतायत.