‘मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून’: विसरणे की दुर्लक्ष?

शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: “मुलांसाठी वचनांची कार्डे करते आहे. फिलिप्पैकरांस पत्र ३:१३ मध्ये आपल्या पवित्र शास्त्रात ‘मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून’ असे आहे. हिंदीत तिथे ‘भूल कर’ आहे. दुर्लक्ष हा शब्द आपण अभ्यासाकडे दुर्लक्ष, तब्येतीकडे दुर्लक्ष असा वाईट अर्थानेच वापरतो. कार्डावर ‘मागील गोष्टी विसरून’ असे लिहिले तर चालेल का? आणि पश्चात्ताप म्हणजे मागचे आठवून जळत राहणे, मग हे दोन्ही एकत्र कसे शिकवायचे?”

ताई, ‘दुर्लक्ष’ राहू द्या. मला तो शब्द ‘विसरून’पेक्षा सरस वाटतो, आणि तसे का वाटते ते जरा सविस्तर सांगतो.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘एपिलान्थानोमेनोस’. त्याचा नेहमीचा अर्थ विसरणे, तेव्हा हिंदीवाल्यांचे काही चुकलेले नाही. हेच क्रियापद इब्री लोकांस पत्रात १३:२ मध्ये येते आणि तिथे आपल्याकडे ‘अतिथिप्रेमाचा विसर पडू देऊ नका’ असेच भाषांतर आहे. म्हणजे तिथे ‘विसर’ आणि इथे ‘दुर्लक्ष’. मात्र या क्रियापदाच्या पोटात जो ‘लान्थानो’ आहे, त्याचा अर्थ नजरेतून निसटणे, कुणाच्या लक्षात न येणे.

‘लक्षात न येणे’ हे मी सहज लिहून गेलो, आणि मराठीची गंमत नेमकी त्यातच आहे. ‘इकडे लक्ष दे’ यात लक्ष म्हणजे ध्यान. ‘लक्षात आहे ना?’ यात लक्ष म्हणजे आठवण. नेमबाज ज्याच्यावर नेम धरतो ते लक्ष्यही त्याच धातूचे. ध्यान, आठवण आणि नेम, तिन्ही एका मुळावर. त्यामुळे ‘मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून व पुढील गोष्टींकडे लक्ष लावून’ हे वाक्य मराठीत जसे तोलून उभे राहते, तसे ‘विसरून’ घातल्यावर राहत नाही. ग्रीकमध्येही इथे जोडी आहे: ‘एपिलान्थानोमेनोस’ आणि ‘एपेक्तेइनोमेनोस’, दोन्हींची सुरुवात ‘एपि’ने. आपल्या भाषांतरात ती जोडी वेगळ्या वाटेने का होईना, पण आली.

आता अर्थाकडे वळू. हे पत्र लिहिणारा पौल खरेच काही विसरला होता का? त्याच अध्यायात, आठ-दहा ओळी आधी, बंदिवासात बसून तो आपला सगळा भूतकाळ घडाघडा सांगतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचे कूळ, इब्र्यांचा इब्री, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा), मंडळीचा म्हणजे ख्रिस्ती समाजाचा छळ करणारा. ज्याला एवढे आठवते त्याने ‘मी विसरतो’ म्हणावे हे पटायला जड जाते. ‘मी तिकडे लक्ष देत नाही’ हे मात्र पटते. शिवाय ती यादी पुन्हा वाचा. तिच्यात पाप म्हणण्याजोगी गोष्ट एकच, मंडळीचा छळ. आणि तोही त्या यादीत पूर्वीच्या आवेशाचा दाखला म्हणूनच आला आहे. बाकी सगळी मिरवण्याची बिरुदे! घराणे, शुद्धता, शिक्षण. हे सगळे तो ‘केरकचरा’ लेखतो. ‘मागचे सोडा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त चुका आणि जखमा येतात. पौलाच्या ‘मागील गोष्टीं’त त्याच्या कमाईचाही समावेश आहे, आणि माणसाला ती सोडणे जास्त जड जाते असे मला वाटते. ‘आमच्या आजोबांनी हे चर्च बांधले’ हे वाक्य किती वर्षे पुरवून वापरले जाते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

लहानपणी मी मामाच्या मागे नांगरट बघायला जायचो. रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, मामाचा हात, नजर समोरच्या बांधावरच्या बाभळीवर. एकदा मी हट्टाने रुमणे धरले आणि किती झाले ते बघायला मान वळवली. तेवढ्यात बैल एका अंगाला सरले आणि तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडे गेले. मामा रागावला नाही, एवढेच म्हणाला, “मागचं तास कुठं पळून चाललंय?” लूक ९:६२ मधले ‘नांगराला हात घातल्यावर मागे पाहणे’ मला कळले ते त्या शेतात. मागचे तास पुसायचे नसते, ते तिथेच असते, त्याच्याच शेजारून पुढचे काढायचे असते. फक्त नजर तिथे ठेवायची नसते. दुर्लक्ष म्हणजे हेच ना?

हा शब्द वापरताना एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगा. हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. पौल ‘मी’ म्हणतो, ‘तुम्ही मागचे सोडा’ अशी आज्ञा करत नाही. दुखावलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी हे वचन ऐकवून गप्प केलेले मी एका घरात पाहिले आहे, आणि ते आठवले की अजून पोटात तुटते. ज्याने दुखावले त्याने तर या वचनाआड लपूच नये. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हटले नाही, ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याचे चौपट परत करतो म्हणाला. देणे फेडायचे राहिले असेल, तर ते मागील गोष्टींत मोडतच नाही.

भाषांतरात दोन गोष्टी मला उण्या वाटतात, त्याही सांगतो. ‘करून’ हे पूर्वकालवाचक धातुसाधित. जेवून निघालो, म्हणजे जेवण आटोपले. ग्रीक रूप चालू क्रियेचे आहे, म्हणून ‘दुर्लक्ष करीत’ अधिक जवळचे झाले असते. एकदा केले आणि संपले असे ते काम नाही, धावता धावता पुन्हा पुन्हा करायचे आहे. दुसरे, ‘एपेक्तेइनोमेनोस’मध्ये अंग ताणून झेपावणे आहे. शर्यतीत फक्कीच्या शेवटच्या रेषेपाशी पोरे छाती पुढे काढतात, अगदी ते चित्र. ‘लक्ष लावून’मध्ये डोळे आले, अंग राहिले.

आता पश्चात्ताप. पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप म्हणजे जळणे, हे तुमचे म्हणणे व्युत्पत्तीने बरोबर. ग्रीक ‘मेटानोइया’त मात्र ताप नाही, मन पालटणे आहे. हिंदीत ‘मन फिराओ’ आहे, आणि इथे मी बिनशर्त हिंदीच्या बाजूने आहे. तरी मराठी भाषांतरातली एक जागा पाहण्यासारखी आहे. बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशू ‘पश्चात्ताप करा’ म्हणतात, पण मत्तय २७:३ मध्ये येशूला धरून देणारा यहूदा ‘पस्तावला’ असे आहे. ग्रीकमध्येही तिथे ‘मेटानोइया’चे क्रियापद नसून ‘मेटामेलोमाय’ हे दुसरेच आहे, मनाला लागून राहणे अशा अर्थाचे. मराठीतले दोन्ही शब्द मुळात एकच. पश्चात्ताप तत्सम, आणि पस्तावा त्याचाच प्राकृतातून झिजून आलेला भाऊ. हिंदीत छ असतो तिथे मराठीत पुष्कळदा स येतो: मछली–मासळी, पूछना–पुसणे, छुरी–सुरी, तसेच पछताना–पस्तावणे. एकाच मुळाचे दोन शब्द भाषांतरात दोन वेगळ्या कामांना लागले. यहूदा मागे बघत राहिला आणि तिथेच संपला. येशूला नाकारणारा पेत्रही तितक्याच दुःखाने रडला, पण पुढे येशूची मेंढरे, म्हणजे त्याचे लोक, चारायला गेला. मुलांना ही दोन माणसे शेजारी शेजारी ठेवून दाखवा, व्याख्या सांगावी लागणार नाही.

तेव्हा कार्डावर वचन आहे तसेच छापा. मागच्या बाजूला जागा उरली तर २ करिंथ ५:१७ मधले ‘जुने ते होऊन गेले’ घाला. ‘होऊन गेले’ हे इतके घरगुती मराठी आहे की मुले ते पाठ न करताही म्हणतील. आणि छापायला देण्यापूर्वी एवढे तपासा: पश्चात् + ताप, म्हणून ‘पश्चात्ताप’मध्ये त दोनदा येतो. ‘पश्चाताप’ अशी चूक छापील कागदावर फार दिसते.